स्थानिक बनावट

शुक्रवार पेठ, सोलापूर
१४ नोव्हेंबर १९७३

मास्तर,

नमस्कार लिहायचा की नाही ते शेवटी ठरवू. आधी दुर्बिणीच्या त्या मोटारीला खरोखर काय लागले ते मांडतो. अकरा रविवार. मोडीत निघालेल्या मागाचे पितळ, ज्याची समई ओतून द्यायचे मी रत्नम्माला कबूल केले होते. डाव्या अंगठ्याचे नख; ते अजून पुरते आलेले नाही. मेव्हण्याच्या मुलीचे बारसे, ज्याला मी गेलो नाही म्हणून अक्कलकोटात मला आता कोणी चहा विचारत नाही. आणि चाकाचे एकशे चव्वेचाळीस दात, एकेक कानशीने घासलेला.

एवढ्या सगळ्याचा निकाल तुम्ही गेल्या शनिवारी शाळेच्या गच्चीवर, दोनशे माणसांच्या देखत, दोन शब्दांत लावलात. स्थानिक बनावट.

शब्द जसेच्या तसे सांगतो. माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. ऐंशी माग धडधडत असताना कुठल्या मागाचा बोल्ट ढिला झालाय हे मी पाठ फिरवून सांगत असे, आणि त्या कानांवरच गिरणीने मला जॉबर, म्हणजे मागांचा मुकादम, केले. तर शाळा कमिटीचे चेअरमन रुद्रप्पा म्हणाले, "काय हो मास्तर, बुध दाखवायला बोलावलंत, आणि इथं सूर्यच पळायलाय की कागदावरनं!" लोक हसले. तुम्ही चष्मा पुसलात आणि म्हणालात, "मोटार स्थानिक बनावटीची आहे. चालायचंच."

चालायचंच! गिरणी सोडल्यापासून अठरा वर्षे माझ्या मोटार-गुंडाळणीच्या दुकानाच्या पायरीवर बसून माझा चहा प्यायलात, तो कुठल्या बनावटीचा होता?

आता शांतपणे लिहितो. सूर्य पळाला हे मला मान्य आहे. दुर्बिणीतून कागदावर वीतभर सूर्य पाडला होता, त्यावर सूर्यासमोरून जाणाऱ्या बुधाचा खसखशीएवढा ठिपका दिसू लागला, आणि अर्ध्या तासात सबंध सूर्य कागदाबाहेर. पण कुठल्या बाजूने? ते कोणी पाहिले? मी पाहिले. तो उत्तरेच्या कडेने गेला.

मास्तर, हे तुम्हीच मला शिकवलेत. पृथ्वी चरख्याच्या चातीसारखी एका कण्याभोवती फिरते. दुर्बिणीचा कणा त्याला समांतर ठेवला की एक मोटार पुरते. पृथ्वी जितकी फिरते तितकीच ती दुर्बीण उलटी फिरवते, आणि सूर्य जागच्या जागी राहतो. माझी मोटार संथ असती तर सूर्य पुढे पश्चिमेला निघून गेला असता. घाईची असती तर मागे पूर्वेला राहिला असता. उत्तरेकडे तो कसा जाईल? माझ्या मोटारीला उत्तर-दक्षिण ठाऊकच नाही. बैलगाडी रस्ता सोडून शेतात शिरली तर बैल हळू चालतो म्हणून त्याला मारायचे का?

म्हणजे कण्याचे तोंड चुकले. कण्याला दोनच गोष्टी लागतात. एक, तो जमिनीपासून किती उचलायचा तो कोन. आणि दुसरी, उत्तर नेमकी कुठे ती रेघ. ध्रुव बघून दोन्ही जमले असते, पण आपल्याकडे ध्रुव जेमतेम साडेसतरा अंश वर, आणि शाळेच्या गच्चीवरून तिथे गिरणीचे धुरांडे उभे. म्हणून कोन तुम्ही लावला आणि रेघ मी मारली.

रेघेबद्दल कोणी शंका घेऊ नये. उभ्या काठीची सावली आणि बाराचा भोंगा. भोंग्याचा पहिला सूर फुटला त्या क्षणी माझा खडू फरशीवर होता. सतरा वर्षे मी त्या भोंग्यावर उठलो, जेवलो, घरी गेलो. तो वाजण्याआधी वाफ घसा खाकरते, तेसुद्धा मला पेठेत बसून ऐकू येते. या रेघेइतकी खरी उत्तर दिशा अख्ख्या सोलापुरात दुसरी नसेल, हे मी लिहून द्यायला तयार आहे. राहिला कोन. तो कोणी लावला?

आणि तुम्ही काय केलेत? रविवारी सकाळी शाळेला अहवाल दिलात, दुपारच्या गाडीने लेकीकडे, पद्मजाकडे, पुण्याला निघून गेलात. अहवाल मला रुद्रप्पांनी दाखवला. "चालक मोटार स्थानिक बनावटीची असून सदोष आहे. ती काढून टाकावी व दुर्बीण पुण्याच्या एखाद्या कॉलेजास द्यावी." तीस डिसेंबरला कमिटीची सभा आहे. तिथे हे पास झाले की माझे चाक भंगारात जाणार, आणि माझे नाव त्याच्या आधी.

आत्ताच चालले आहे. सांगोल्याचा ज्ञानबा पंपाची मोटार घेऊन दुकानात आला. तिची गुंडाळणी मीच पंधरा दिवसांपूर्वी केली होती. पायरीवरूनच म्हणतो कसा, "मालक, तुमच्या हातनं सूर्य निसटला म्हनं? मग माझं पानी तरी ऱ्हाईल का न्हाय हिरीत?" दुकानातली चार माणसे खो खो हसली. मी पण हसलो. काय करता!

अहवालातले ते वाक्य खोडा. एवढेच मागणे आहे.

नमस्कार. रत्नम्माच्या सांगण्यावरून.

चनबसप्पा


२७ नोव्हेंबर १९७३

मास्तर,

माझ्या चार पानांना तुमचे पोस्टकार्ड! म्हणजे पुण्याच्या पोस्टमनने वाचले, आमच्या पोस्टमनने वाचले, आणि आमच्या पोस्टमनने तर मला तोंडीच सांगितले, "मास्तर म्हनतात घाईत बोललो."

घाईत बोललात, ठीक. पण लिहिलेत ते रात्रभर विचार करून. ते वाक्य मागे घेतो असे कार्डात कुठेच नाही. त्याऐवजी दोन प्रश्न आहेत. उत्तरे घ्या.

पहिला, वायर कुठे आहे. माझ्याकडे आहे. तुम्ही हे काढले नसते तर मीही काढणार नव्हतो. तुम्ही "चालायचंच" म्हणालात, मी मोटारीची वायर उपटली, खिशात घातली आणि जिना उतरलो. सदोष मोटार बंद पडली तर बिघडले कुठे? त्यानंतर सूर्य मावळेपर्यंत चार तास तुम्ही दुर्बीण हाताने ढकलत उभे होता, पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाहीत, आणि शेवटच्या माणसालाही बुध दाखवूनच खाली आलात, हे मला शाळेच्या शिपायाने सांगितले. मी विचारले नव्हते. गुडघे कसे आहेत?

दुसरा प्रश्न: "वर्तुळावरच्या दोन खुणा कुठे आहेत?" हा प्रश्न मला आवडलेला नाही. एखाद्या जॉबरला विचारावे, बाबा, तू कामावर आला होतास ना, तसा तो वाटतो. तुम्ही सांगितले होते की काठीभोवती वर्तुळ काढ; सकाळी सावलीचे टोक आखडत वर्तुळाला शिवेल तिथे एक खूण, दुपारी वाढत पुन्हा शिवेल तिथे दुसरी; दोन्हींच्या बरोबर मधोमध उत्तर. मला सगळे पाठ आहे. खुणा खडूच्या होत्या. पुसल्या गेल्या. शाळेची गच्ची आहे, झाडतात.

मुद्दा कोनाचा आहे. दुर्बीण विलायतेची. तिकडे ध्रुव पार वर, म्हणून तिचा कणा उंच उभारलेला होता. तो तुम्ही सतरा अंश चाळीस कलांवर खाली आणलात. कशाने मोजलात? शाळेतल्या लाकडी कोनमापकाने, ज्याचे एक टोक पोरांनी चावलेले आहे! परवा मी गच्चीवर जाऊन नुसत्या डोळ्यांनी पाहिले, मला तो कणा वीस अंशांच्या वर वाटला. माप घेऊन सिद्ध करीन आणि ते कागदासकट कमिटीपुढे ठेवीन.

मराठी लिहायला मला तुम्ही शिकवलेत, म्हणून हे पत्र शुद्ध आहे. रागवायला मी आपला आपण शिकलो.

वायर परत मिळणार नाही, वाक्य खोडल्याशिवाय.

चनबसप्पा


९ डिसेंबर १९७३

मास्तर,

कोन बरोबर आहे.

हे तीन शब्द लिहायला मला दोन दिवस लागले, तेव्हा ते घाईत वाचू नका. कोनमापकावर माझा विश्वास नव्हता. मी ओळंबा लावला, पाणसळ लावली, कण्याच्या टोकापासून सूत सोडले. आडवे शंभर तर उभे बत्तीसला किंचित कमी. म्हणजे सतरा अंश चाळीस कला. चावलेल्या कोनमापकाने तुम्ही तो केसभरही चुकवलेला नाही. मी तीनदा मोजले. तिसऱ्यांदा मोजताना रुद्रप्पा वर आले.

"काय चनबसप्पा, निघाली का चूक?"

मी म्हणालो, "शोधतोय."

"मास्तरांची का तुमची?"

मास्तर, हा माणूस कापडाचा व्यापारी. वार मोजताना कधी एवढा चौकस झाला नाही.

मग मोटारीकडे वळलो. दुकानात नेली, घड्याळाला लावून पुरे चोवीस तास चालवली. एक फेरा, अर्ध्या मिनिटाचा फरक. रात्रभर मी जवळ बसून ऐकत होतो. एकशे चव्वेचाळीस दात एका आवाजात बोलतात. चाक सदोष असेल तर माझे कान कापून कमिटीपुढे ठेवा.

गच्चीचा स्लॅब खचला असेल म्हणून पाणी ओतून पाहिले. खचलेला नाही. खांब हलतो का म्हणून त्याला खांदा दिला. खांब हलला नाही, खांदा दुखतो आहे.

घरी येऊन हे सगळे बडबडत होतो. रत्नम्मा अंगणात मिरच्या वाळत घालत होती. तिचे मिरच्यांचे सूप दोरीच्या खांबाच्या सावलीबरोबर सरकत असते, ते तुम्ही पाहिले आहे. ती म्हणाली, "एन्री, अहो, त्या रेघेचं काय?"

"रेघेला काय झालंय? बाराच्या भोंग्याला मारलीय."

"भोंगा झाल्यावर मी भाकऱ्या थापायला बसते. तीन भाकऱ्या होतात, तरी खांबाची सावली आखडतच असते. मग कुठं ती उलटते. उन्हाला काय भोंगा ऐकू येतो होय?"

मी तिला म्हणालो, तू भाकऱ्या थाप.

उद्या गच्चीवर जाणार आहे. रेघ तपासायला नाही. सहज.

तुमचे ते वाक्य अजून अहवालात आहे, हे मी विसरलेलो नाही.

चनबसप्पा


२३ डिसेंबर १९७३

मास्तर,

तुम्हाला कोणी सांगितले होते?

काल रुद्रप्पांनी मला पेढीवर बोलावले, गादीवर बसवले, पान दिले, आणि तुमचे पत्र वाचून दाखवले. "मोटारीविषयीचे वाक्य मी मागे घेतो. मोटार निर्दोष आहे. उत्तरेची रेघ माझ्या देखरेखीखाली आखली गेली व ती चुकली. दोष सर्वस्वी माझा आहे." खाली तुमची सही, वळणदार, शिकवल्यासारखी.

मी पान पिकदाणीत टाकले. देखरेख? कसली देखरेख? तीन नोव्हेंबरला, रेघ मारायच्या दिवशी, तुम्ही गच्चीवर होता कुठे? तुम्ही पद्मजाला उतरवून घ्यायला स्टेशनवर गेला होता. जाताना जिन्यातून दोनदा ओरडून सांगितलेत, "वर्तुळ मोठं काढ! दुपारची खूण झाल्याशिवाय उठू नकोस!" सोलापुरातल्या सर्वांत तीक्ष्ण कानांनी ते ऐकले होते.

वर्तुळ मी काढलेच नाही. खुणा पुसल्या गेल्या हे खोटे. नव्हत्याच, तर पुसणार कोण? ज्ञानबाची पंपाची मोटार दुपारच्या एसटीने सांगोल्याला लावून द्यायची होती. चार वाजेपर्यंत सावलीची राखण करत कोण बसणार? मी मनात म्हणालो, मास्तर पुस्तकी माणूस; सूर्य बाराला माथ्यावर येतो हे शेंबड्या पोराला कळते, आणि बारा वाजलेले गिरणी अख्ख्या गावाला फुकट सांगते. भोंगा झाला, रेघ मारली, खाली उतरलो. सायंकाळी तुम्ही विचारलेत, "नीट झालं?" मी म्हणालो, "केसाचा फरक नाही."

म्हणजे मी पहिल्या पत्रात भोंग्याची ऐट लिहिली, तेव्हाच तुम्हाला सगळे कळले असणार. आणि तरी तुम्ही पोस्टकार्डावर दोन प्रश्न विचारून गप्प बसलात! मला ओळंबे लावायला लावलेत, खांबाला खांदा द्यायला लावलात, एक महिना अख्खा! याला काय शिकवणे म्हणतात? सरळ लिहायचे होते, चनबसप्पा, तू गाढव आहेस. मी तुमच्यावर उलटून लिहिले असते आणि आठ दिवसांत विषय संपला असता.

आणि मोटारीचे वाक्य महिनाभर तसेच ठेवलेत, ते वेगळे. ते तुमचे चुकले. ते मी माफ करणार नाही. म्हणजे लगेच करणार नाही.

रुद्रप्पांना मी म्हणालो, "हे पत्र खोटं आहे. मास्तर गच्चीवर नव्हतेच. रेघ मी मारली, आणि सांगितलेलं न करता मारली."

त्यांनी पत्राची घडी घातली. "चनबसप्पा, तुमचं नाव सुटलंय की आता. मोटार निर्दोष, असं मास्तरांनीच लिवलंय. कशाला उकरता?"

"मास्तर चाळीस वर्षं पोरांना उत्तर-दक्षिण शिकवून रिटायर झालेत. त्यांना उत्तर सापडत नाही असं तुमच्या दप्तरात राहणार. ते चालणार नाही."

"मग लिहून द्या की."

दिले. त्यांच्याच लेटरहेडवर, त्यांच्याच पेनाने. शाई जास्त सोडते ते पेन. कमिटीला आता दुर्बीण पुण्याला द्यायचे कारण उरलेले नाही. रुद्रप्पांचा शब्द आहे, सभेत तसेच होईल. आणि एक विनंती केली आहे. "स्थानिक बनावट" हे शब्द अहवालातून काढू नयेत. मोटारीपुढचे खोडून रेघेपुढे लिहावेत. तिथे ते शोभतात.

आता काम सांगतो. गेल्या रविवारी मी दिवसभर गच्चीवर होतो. हातभर त्रिज्येचे वर्तुळ काढले, सकाळची खूण केली, भाकरी वरच मागवली, दुपारची खूण झाल्याशिवाय उठलो नाही. ज्ञानबा खाली येऊन हाका मारत होता, "मालक, काय उन्हात बसलायसा!" मी म्हणालो, "सूर्य धरतोय. मागल्या टायमाला निसटला होता." तो वर येऊन शेजारी बसला, बिडी ओढत. दुपारची दुसरी खूण त्यानेच केली.

दोन खुणांच्या मधोमध नवी रेघ आली. जुन्या रेघेपासून तीन फुटांवर चार बोटे बाजूला. चार बोटे, मास्तर! अंगठ्याचे नख गेले, अकरा रविवार गेले, आणि चूक निघाली ती चार बोटांची.

दुसऱ्या दिवशी ज्ञानबाच्या देखत कणा नव्या रेघेवर आणला. वायर खिशातून काढून जोडली. एक वाजता सूर्य कागदावर घेतला आणि भोवती पेन्सिलीने गोल काढला. चार वाजता सूर्य त्याच गोलात होता. ज्ञानबा म्हणाला, "चित्र लावल्यागत बसलाय की!" त्याची पंपाची मोटार त्याने परत माझ्याकडेच टाकली आहे, वाजते म्हणून. खरेच वाजते, एक बेअरिंग कुरकुरते आहे.

तेव्हा या. पद्मजाला सांगा, गुडघ्यांना सोलापूरचे ऊनच मानवते. जिना चढायला मी हात देईन. जानेवारीत शनी दाखवायचा कार्यक्रम ठेवू असे रुद्रप्पा स्वतः म्हणाले, आणि या वेळी सूत्रे तुमच्या हातात, मोटार माझ्या. मी मध्येच निघून जाणार नाही. तुम्ही चष्मा पुसत काही बोलणार नाही. पायरीवरची तुमची जागा मी कोणाला दिलेली नाही. फार झाले तर तिथे मांजर बसते.

एक शेवटचे. तुम्ही म्हणायचे, आजची सावली आजची. सूर्य रोज थोडा मागेपुढे माथ्यावर येतो. म्हणून काल रात्री पंचांग उघडले. ते माझ्या दुकानात गल्ल्याच्या वर खिळ्याला वर्षभर टांगलेले असते. तीन नोव्हेंबर, सोलापूर. सूर्योदय सहा वाजून सव्वीस मिनिटे, सूर्यास्त पाच वाजून चोपन्न. मधोमध, म्हणजे सूर्य माथ्यावर, येतात बारा वाजून दहा मिनिटे.

भोंगा बाराला वाजला होता.

चनबसप्पा